मोठा दिवा म्हणजे स्वच्छ चित्र?

"लाइट मोठा लाव भाऊ, तळ दिसते." विहिरीत पडलेली मोटर पाण्याखाली कॅमेरा उतरवून शोधताना असो की नवेगावबांध तलावाच्या काठावर, आमच्याकडे हेच ऐकू येतं. हे खरं नाही, आणि या समजापायी लोक महागडे दिवे घेऊन बसतात.

गढूळ पाण्यात मातीचे कण तरंगत असतात. दिवा कॅमेऱ्याला चिकटून असला की लेन्ससमोरचेच कण उजळतात, तो प्रकाश उलट लेन्समध्ये येतो आणि पडदा पांढरा होतो. जानेवारीच्या धुक्यात गाडीचा अप्पर लावला की हेच होतं. म्हणून समुद्र-संशोधनाच्या कॅमेऱ्यांत दिवे लेन्सपासून दूर, बाजूच्या दांड्यांवर तिरपे बसवतात.

खोल समुद्रात तर अनेकदा मंद लाल दिवा लावतात. लाल रंग पाण्यात फार लांब जात नाही, पण तिथल्या बहुतेक जिवांना तो दिसतच नाही, त्यामुळे ते बिचकत नाहीत. सागरी शास्त्रज्ञ एडिथ विडर यांच्या 'मेडुसा' कॅमेऱ्याने २०१२ मध्ये जपानच्या समुद्रात जिवंत महाकाय स्क्विड (माकूळ) टिपला, तो याच युक्तीने.

विहिरीत आधी गाळ खाली बसू द्या. मग दिवा लेन्सपासून वीतभर तरी बाजूला, दांडीला बांधून सोडा.