चिमूर १९४२ : जी चौकशी झालीच नाही

चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यातील चिमूर हे १९४२ साली रेल्वेपासून दूर असलेले, पावसाळ्यात नदीनाल्यांनी अडून पडणारे गाव होते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरील भजनांनी ते ऑगस्टच्या आरंभीच, ‘चले जाव’ आंदोलनाच्या दिवसांत, पेटलेले होते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर मारला गेला. चवताळलेल्या जमावाने उपविभागीय दंडाधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाई अशा चौघांचा जीव घेतला. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टीतही ठाण्यावर तिरंगा लावण्यास गेलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या व दोन्ही बाजूंची माणसे मेली.

झाडे आडवी पाडून, पूल तोडून गावाने रस्ते बंद केले. तरी १९ ऑगस्टला फौज पोहोचलीच. पुरुष पकडले गेले किंवा रानात गेले, आणि घरी राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे आणि नागपूरच्या महिला कार्यकर्त्यांनी गावात जाऊन त्या ऐकल्या. सरकारने चौकशी नाकारली.

सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी हा नकार मानला नाही. ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य बापूजी अणे यांच्याकडे गेले. अणे वणीचे, म्हणजे आपल्याच मुलखातले, पण तिथेही चौकशीचे आश्वासन मिळाले नाही. ११ नोव्हेंबरपासून भणसाळींनी उपोषण धरले, ते ६३ दिवस चालले. त्याची बातमी छापण्यास बंदी घातली गेली, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये देशभरातील अनेक वृत्तपत्रांनी निषेधार्थ एक दिवस अंक काढला नाही. (चिमूरचे नाव देशभर गाजवण्यात या बंदीचाच वाटा मोठा, असे म्हणावेसे वाटते.) १२ जानेवारीला मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने उपोषण सुटले, पण ते तडजोडीवर. मागितलेली चौकशी पदरात पडलीच नाही.

खटले मात्र झाले, आणि तेही विशेष न्यायालयांत. अधिकाऱ्यांच्या हत्येबद्दल चिमूर-आष्टीच्या अनेकांना फाशी फर्मावली गेली. नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे यांनी त्यांच्यासाठी नेटाने मोहीम चालवली, गांधीजींनीही शब्द टाकला, आणि १९४५ साली उरलेल्या कैद्यांची फाशी टळून जन्मठेप झाली. बायकांनी सांगितलेल्या हकिकती या खटल्यांच्या कक्षेत नव्हत्या.