पोक येणं वेगळं, तोल जाणं वेगळं

वजन जास्त असलेलं मूल खांदे पाडून, पोट पुढे काढून उभं राहतं. तेच मूल जिना उतरताना कठडा सोडत नाही आणि पकडापकडीत सगळ्यांआधी पडतं. घरात या दोन्हींवर एकच औषध असतं: "नीट उभा ऱ्हाय!" आणि पुढे पाठीचा पट्टा. पण खांदे पाडणं ही शरीराच्या ठेवणीची बाब, आणि पडणं ही तोलाची. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीबागा पाहा. घड लागलेलं झाड कितीही सरळ उभं असलं, तरी मे-जूनच्या वादळात आडवं होतं, कारण मुळं उथळ असतात.

ठेवण फोटोत दिसते. मुलाला बाजूनं बघायचं: कान, खांदा, खुबा, गुडघा आणि घोट्याच्या किंचित पुढचा भाग साधारण एका उभ्या रेषेत हवेत. पोटाचा भार पुढे ओढतो, म्हणून कंबरेचा बाक वाढतो. अनेकदा गुडघे एकमेकांकडे झुकतात, तळपायाची कमान बसते.

तोल फोटोत दिसत नाही. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांकडून येणारी खबर मेंदू जुळवतो आणि घोटा, मांडी, कंबरेचे स्नायू वेळेवर आवळतो. शरीर जड असेल तर तेवढाच झोक सावरायला जास्त जोर लागतो. अशा मुलाच्या मांड्या दणकट असतात, पण वजनाच्या मानानं ताकद कमी पडते. म्हणून ते पाय फाकवून, हळू चालतं आणि दोन्ही पाय जास्त वेळ जमिनीवर ठेवतं. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. ते स्वतःला सांभाळत असतं.

तपासायचं असं: अनवाणी, सपाट फरशीवर, हात कमरेवर, एका पायावर. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला १० सेकंद जमायला हवेत. घड्याळापेक्षा कंबरेकडे लक्ष द्या. उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली गेली, तर टेकलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू कमी पडताहेत.

पट्टा पाठ मागे ओढतो, घोट्याला काही शिकवत नाही. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या तर दम वाढतो, पण थकलेल्या मुलाची पावलं आणखी वेडीवाकडी पडतात. तोल सुधारतो तो उभ्यानं केलेल्या, रोजच्या कामासारख्या व्यायामानं, म्हणजे फंक्शनल ट्रेनिंगनं. त्यासाठी आधी वजन उतरायची वाट बघावी लागत नाही.

सुरुवात उठबशीनं. गुडघ्याइतक्या उंच खुर्चीवर ३ सेकंद मोजत बसायचं, हात मांडीवर न टेकता उठायचं. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. गुडघे आत पडले किंवा मूल धपकन बसलं, तर खुर्चीवर घट्ट घडी घालून गोधडी ठेवा आणि उंची वाढवा. आकडा वाढवायची घाई नको.

मग ओट्याची पायरी, १० ते १५ सेंटीमीटरची. चढणं बहुतेकांना जमतं. खरी कसोटी उतरताना असते, कारण तेव्हा एकाच पायानं सगळं वजन लांबत जाणाऱ्या स्नायूवर झेलायचं असतं. उतरणारी टाच आवाज न करता टेकली पाहिजे. प्रत्येक पायानं ८ वेळा, भिंत हाताशी.

तिसरा प्रकार खडूनं जमिनीवर आखलेल्या खुणांचा. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या बोटानं पुढची, मागे उजवीकडची आणि मागे डावीकडची खूण शिवायची. खुणा आधी जवळ आखा, आठवड्यानं चार बोटं लांब. शेवटी एका हातात २ लिटर पाण्याची कळशी घेऊन १० मीटर चालणं, मग हात बदलून. धड कळशीकडे कललं तर पाणी कमी करा.

हे तोलाचे प्रकार अंग ताजं असताना, पळण्या-खेळण्याआधी करायचे. आठवड्यात ३ दिवस, एक दिवसाआड, ३० ते ४० मिनिटं, निदान ८ आठवडे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ गाठतो, ओटा आठलाच तापतो. त्या दिवसांत पहाटे किंवा घरात करा. दर ४ आठवड्यांनी एका पायाची चाचणी पुन्हा. ठेवण सावकाश सुधारते, म्हणून फक्त खांदे बघणारे पालक मध्येच सोडून देतात.

एक गोष्ट मात्र तोलाची समजून अंगावर काढू नका. दहा ते सोळा वयाचं जड मूल लंगडत असेल, मांडीत किंवा गुडघ्यात दुखत असेल, पाऊल बाहेर वळलं असेल, तर खुब्याच्या हाडाचं टोक सरकलेलं असू शकतं. दुखणं गुडघ्यात जाणवतं, म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे निघतो आणि वेळ जातो. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा आणि तोवर मुलाला त्या पायावर उभं राहू देऊ नका.