जर्मनीत इंग्रजी बोलणारा वकील शोधताना

नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं, घरमालकाची नोटीस आली किंवा कोर्टाचा पिवळा लिफाफा टपालपेटीत पडला, की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न असतो : ‘इंग्रजी बोलणारा वकील कुणाला माहीत आहे का?’ आमच्या मते हा प्रश्न तिसरा. त्याआधी मुदत कधी संपते ते बघा आणि प्रकरण कोणत्या कायद्यातलं आहे ते बघा.

मुदत

नोकरीवरून काढल्याचं लेखी पत्र, म्हणजे क्युंडिगुंग, मिळाल्यापासून ३ आठवड्यांच्या आत श्रम न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. ही मुदत चुकली तर काढण्याचं कारण कितीही चुकीचं असलं तरी ते वैध धरलं जातं. हे पत्र शाईच्या सहीचं आणि कागदावरच असावं लागतं. ईमेलने काढलेलं कायद्यात बसत नाही, पण म्हणून गप्प बसू नका. कागद मागाहून येतोच.

पत्र तुमच्या टपालपेटीत पडलं की ते तुम्हाला पोचलं असं मानतात, मग तुम्ही गणपतीला गावी गेलेले का असेनात. उशीर माफ करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण तो अडचण दूर झाल्यापासून २ आठवड्यांत आणि पुराव्यासकट करावा लागतो. म्हणून भारतात जाताना टपालपेटीची किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि आलेल्या पत्रांचे फोटो मागवत राहा.

पिवळ्या लिफाफ्यावर टपाल दिल्याची तारीख लिहिलेली असते. तो लिफाफा फेकू नका, मुदत त्या तारखेपासून मोजतात. फौजदारी दंडाच्या आदेशाला किंवा कोर्टामार्फत आलेल्या वसुलीच्या नोटिशीला हरकत घ्यायला २ आठवडे असतात. निवास परवाना नाकारला असेल तर साधारण १ महिना. आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात मुदत आणि दाद मागण्याचं ठिकाण दिलेलं असतं.

माणूस खरा आहे का

‘रेख्ट्सआनवाल्ट’, म्हणजे वकील, हा शब्द नावापुढे फक्त वकिलांच्या चेंबरचा, म्हणजे त्यांच्या नोंदणी संस्थेचा, सदस्यच लावू शकतो. देशभरातल्या वकिलांची अधिकृत यादी वकिलांच्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत बघता येते. तिथे नाव नसेल तर तो ‘लीगल कन्सल्टंट’ असेल, वकील नव्हे. नुसत्या भारतातल्या एलएलबीवर जर्मन कायद्याचा सल्ला देता येत नाही.

यादीत नाव सापडलं की पुढचा शब्द शोधा : फाखआनवाल्ट. हा विशेषज्ञाचा दर्जा २४ विषयांत मिळतो. त्यासाठी परीक्षा आणि ठरावीक संख्येने प्रत्यक्ष प्रकरणं लागतात, नंतर दरवर्षी किमान १५ तासांचं प्रशिक्षण. नोकरीसाठी आर्बाइट्सरेख्ट, भाड्याच्या घरासाठी मीटरेख्ट आणि व्हिसासाठी मिग्रात्सिओन्सरेख्ट हे शब्द बघा. जर्मन वकील संघटनेच्या शोधसेवेत विषयासोबत भाषाही निवडता येते. अमेरिका आणि ब्रिटनच्या दूतावासांनी त्यांच्या नागरिकांसाठी केलेल्या याद्या कुणालाही बघता येतात, पण त्या नावांची हमी दूतावास घेत नाहीत.

इंग्रजी किती येतं

संकेतस्थळ इंग्रजीत आहे म्हणजे वकील इंग्रजी बोलतो असं नाही. फोनवर एकच विचारा : नोटीस पीरियड आणि दावा दाखल करायची मुदत यांत फरक काय? दोन मिनिटांत सरळ सांगता आलं तर पुढे जा. शिवाय विरुद्ध बाजूला जाणारं प्रत्येक पत्र जर्मनमध्येच असेल, अशा प्रकरणांत कोर्टाची भाषाही जर्मनच. प्रत्येक पत्राचा इंग्रजी सारांश देणार का आणि त्याचे वेगळे पैसे लागतील का, हे ईमेलवर लिहून घ्या. अस्खलित इंग्रजी बोलणारा पण सगळ्याच विषयांत हात घालणारा वकील आणि अडखळत इंग्रजी बोलणारा फाखआनवाल्ट यांत आम्ही दुसराच निवडायला सांगू. दुभाषा मिळतो, अनुभव आयत्या वेळी मिळत नाही.

पैसे

वेगळा करार केला नसेल, तर खासगी ग्राहकाकडून पहिल्या सल्ल्याचे जास्तीत जास्त १९० युरो घेता येतात, त्यावर १९ टक्के कर, म्हणजे २२६.१० युरो. भेट ठरवतानाच आकडा लेखी मागा. नोकरीवरून काढल्याच्या दाव्याचं मूल्य साधारण ३ महिन्यांच्या, कर आणि कपातींआधीच्या पगाराइतकं धरतात आणि फी त्यावर ठरते. श्रम न्यायालयात पहिल्या पातळीवर जिंकलात तरी आपल्या वकिलाची फी आपल्यालाच भरावी लागते. हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. कायदेविषयक विम्याला सहसा ३ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे पत्र आल्यावर काढलेला विमा त्या प्रकरणाला चालत नाही. जुना विमा असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या. वकील मात्र तुमच्या पसंतीचा असू शकतो. फीवरून वाद झाला तर बर्लिनमध्ये वकील आणि ग्राहक यांच्यात तडजोड घडवणारं कार्यालय आहे. तिथे ५०,००० युरोपर्यंतच्या वादांत ग्राहकाला फी पडत नाही.

सही करू नका

‘आपसात मिटवू’ म्हणत कंपनी आउफहेबुंग्सफरट्राग, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवण्याचा करार, पुढे करते. त्यावर टेबलावर बसल्या बसल्या सही करू नका. बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत थांबू शकतो आणि केलेली सही सहसा मागे घेता येत नाही. कागद घरी आणा आणि आधी वकिलाला दाखवा.

दोन कामांना वकील लागत नाही, पण ती राहून जातात. नोकरी जाणार हे कळल्यापासून ३ दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करा. कामाशी जोडलेला निवास परवाना असेल आणि नोकरी मुदतीआधी संपत असेल, तर २ आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवा.

भेटीआधी पाठवायचे कागद : करार, त्यातले बदल, शेवटच्या ३ पगारपत्रिका, आलेलं पत्र लिफाफ्यासकट, निवास कार्डाच्या दोन्ही बाजू आणि तारीखवार एका पानाचं टिपण. चॅटचे साठ स्क्रीनशॉट पाठवू नका, ते वाचण्यातच तुमचा वेळ जातो.

आम्ही वकील नाही, त्यामुळे तुमच्या प्रकरणावर सल्ला देत नाही. कागद लावून देतो आणि भेट ठरवून देतो. तिसरा आठवडा संपत आला आणि वकील मिळालाच नाही, तर पत्र, करार आणि ओळखपत्र घेऊन थेट श्रम न्यायालयाच्या अर्ज कक्षात जा, सोबत जर्मन येणारं कुणीतरी न्या. तिथले कर्मचारी तुमचा दावा लिहून घेतात. त्यासाठी वकील लागत नाही आणि आगाऊ कोर्ट फीही लागत नाही.