काकाडूची यलो वॉटर बोट ट्रिप: आधी काय काय घडलं

ऑस्ट्रेलियात डार्विनपासून गाडीने तीनेक तासांवर काकाडू नॅशनल पार्क आहे. तिथली यलो वॉटरची बोट ट्रिप करून आलेले लोक भारावून सांगतात, कमळाच्या पानांवरून तुरुतुरु चालणारा कमळपक्षी, काठावर जबडा उघडून पडलेली मगर, काय अस्पर्श निसर्ग आहे वगैरे. पण 50 वर्षांपूर्वी याच पाणथळीची पार वाट लागली होती.

सुरुवात म्हशींपासून. इंग्रजांनी 1820 च्या दशकापासून उत्तर किनाऱ्यावर वसाहती करून बघितल्या, मांसासाठी बाहेरून म्हशी आणल्या, वसाहती काही टिकल्या नाहीत, पोर्ट एसिंग्टन ही वसाहत 1849 मध्ये सोडून गेले, म्हशी मात्र मागे राहिल्या आणि रानटी होऊन वाढत गेल्या. रोज त्याच वाटेने चिखल तुडवत गेल्याने खोल चर पडले, त्या चरांतून भरतीचं खारं पाणी गोड्या पाण्यात शिरलं, पेपरबार्कची झाडं उभ्या उभ्या वाळली, कमळं गेली. शेवटी गुरांमधला टीबी आणि ब्रुसेलोसिस संपवायची देशभर मोहीम निघाली त्यात हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून 80 च्या दशकात बहुतेक म्हशी संपवल्या. वाचताना पोटात कालवतं, पण त्यानंतरच पाणथळ सावरायला लागली हे खरं आहे. खाऱ्या पाण्यातल्या मगरीही कातड्यासाठी मारून मारून काही हजारांवर आल्या होत्या, काकाडू ज्या प्रांतात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीने 1971 मध्ये शिकारबंदी केली, आज त्या लाखाच्या आसपास आहेत.

आणि मग युरेनियम. 1969 च्या सुमारास इथे रेंजर नावाचा युरेनियमचा साठा सापडला, चौकशी आयोग बसला, आणि 1977 मध्ये त्याच आयोगाच्या अहवालातून खाणही पुढे सरकली आणि पार्कही! जमीन मिरार या आदिवासी लोकांची, त्यांचा खाणीला विरोध होता, 1976 च्या कायद्याने आदिवासींना खाण नाकारायचा हक्क दिला पण रेंजरला त्यातून वगळलं, माझ्या मते हा सरळ सरळ अन्याय होता. 1979 मध्ये पार्क जाहीर झालं, 1981 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, खाणीचा पट्टा तेवढा पार्कच्या हद्दीबाहेर दाखवला. खाणीच्या रॉयल्टीतून आदिवासींच्या गागुजू असोसिएशनने पार्कमधल्या कुइंडाचं हॉटेल घेतलं, आणि यलो वॉटरच्या बोटी तिथूनच सुटतात, म्हणजे या ट्रिपमागे युरेनियमचा पैसा आहे. रेंजरमधलं उत्पादन 2021 मध्ये बंद झालं, आता जमीन पूर्ववत करायचं मोठं काम चालू आहे.

सध्याची डोकेदुखी म्हणजे पॅरा ग्रास, गुरांना चारा म्हणून आणलेलं हे गवत चरायला म्हशी नाहीत म्हटल्यावर भराभर पसरतं आणि देशी वनस्पती दाबून टाकतं. पार्कचे वनरक्षक ते औषध फवारून रोखतात. शिवाय पाणथळीवरचं गवत योग्य वेळी पेटवायची आदिवासींची जुनी पद्धत काही भागांत पुन्हा सुरू झालीय, गवताचा गच्च थर जळाला की पाणी मोकळं होतं आणि मॅगपाय गीज हे पाणपक्षी परत यायला लागतात.