पॅरिश रजिस्टरांचं स्वयंसेवी ट्रान्स्क्रिप्शन

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. इंग्लंडमधल्या अशा चर्चच्या जुन्या रजिस्टरांतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी वाचून, टाइप करून, कुणालाही फुकट शोधता येतील अशा ठेवायच्या, या कामाला पॅरिश रजिस्टर ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. ही रजिस्टरं 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने सुरू झाली आणि सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली थेट 1837 मध्ये, म्हणजे मधल्या तीनशे वर्षांत साध्या शेतमजुराचं नाव कुठे सापडायचं तर बहुतेकदा इथेच.

आज हे काम फ्रीरेग, ऑनलाइन पॅरिश क्लार्क अशा प्रकल्पांमधून चालतं आणि करणारे बरेचसे निवृत्त लोक, घरी बसून, एक पैसा न घेता. मुख्य नियम एकच, जसं दिसतं तसंच टाइप करायचं, स्पेलिंग सुधारायचं नाही, अक्षर लागलं नाही तर तिथे ठरलेली खूण टाकायची. 1813 पासून बाप्तिस्मा आणि दफनाचे छापील फॉर्म आले म्हणून ती पानं सोपी, पण त्याआधीचं लॅटिन, सेक्रेटरी हँड नावाचं वळणदार अक्षर, उंदरांनी खाल्लेल्या कडा, यात दिवस जातो. वर 1752 च्या आधी तिथलं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे रजिस्टरात फेब्रुवारी 1710 लिहिलेलं असेल तर आपल्या हिशोबाने ते 1711 असतं आणि हे लक्षात घेतलं नाही तर अख्खी वंशावळ चुकते.

आता पुढचा प्रश्न मशीनचा आहे. ट्रान्स्क्रिबससारखं सॉफ्टवेअर जुनं हस्ताक्षर वाचतं, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या फुकट वेबसाइटने 2024 मध्ये एआयने वाचलेल्या कागदांवर फुल टेक्स्ट सर्च, म्हणजे कागदातला कुठलाही शब्द शोधायची सोय, लोकांसाठी आणला, आणि मग स्वयंसेवक कशाला असं लोक विचारतात. माझं स्पष्ट मत, लागणारच आणि जास्त लागणार, कारण मशीन फाटलेल्या जागी खरं वाटण्यासारखं नाव बसवून मोकळं होऊ शकतं आणि शोधणाऱ्याला ते खरंच वाटतं, पण त्या गावात कुठली आडनावं होती, कुठल्या पाद्रीचं अक्षर कसं वळायचं हे वर्षानुवर्षं तीच रजिस्टरं वाचणाऱ्याला कळतं. म्हणजे टायपिंग कमी होईल, तपासणी वाढेल.

याहून मोठी काळजी मला मालकीची वाटते. मूळ रजिस्टरं काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, रेकॉर्ड ऑफिसात, त्यांच्या पानांच्या बऱ्याच फोटोंचे करार अँसेस्ट्री, फाइंडमायपास्टसारख्या पैसे घेणाऱ्या कंपन्यांकडे, त्यामुळे स्वयंसेवकांना पान बघायलाच परवानगी मागत बसावं लागतं. त्यातच ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद होत्या, म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली फुकट कॉपी हवीच हवी.

हा शेवटचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत आणि एफआयबीआयएस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) ही 1998 पासूनची संस्था ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अशा नोंदींच्या याद्या स्वयंसेवकांकडून करून घेते. पुणे, खडकी, अहमदनगर अशा छावण्यांची नावं कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली, ती चटकन ओळखायला मराठी माणसाइतकं योग्य कोण?

नवीन माणसं मात्र कमी पडतायत. ऑनलाइन पॅरिश क्लार्कमध्ये तर एकेका पॅरिशची सगळी मदार सहसा एकाच माणसावर असते, तो थकला की पुढचा मिळेपर्यंत काम ठप्प, म्हणून त्याचा डेटा आधीच कुठल्यातरी संस्थेकडे सोपवलेला हवा. शिकायचं असेल तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचा जुनं अक्षर वाचण्याचा फुकट ऑनलाइन कोर्स आहे, आणि सुरुवात 1813 नंतरच्या छापील फॉर्मपासून केलेली बरी, लॅटिनला हात नंतर घालायचा.