सदरुद्दीन ऐनी

ऐनी, सदरुद्दीन : (२७ एप्रिल १८७८ – १५ जुलै १९५४). ताजिक कादंबरीकार, कवी, आत्मचरित्रकार आणि फार्सी-ताजिक साहित्याचे अभ्यासक. आधुनिक ताजिक गद्याचा पाया त्यांनी घातला. ताजिकिस्तानच्या विज्ञान अकादमीचे ते पहिले अध्यक्ष होते. उझबेक भाषेतही त्यांनी विपुल लेखन केले, त्यामुळे उझबेक साहित्येतिहासातही त्यांना मानाचे स्थान आहे.

बुखाऱ्याच्या अमिरातीतील गिजदुवान भागात, सोकतारे या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील शेती करत, जोडीला जात्याचे दगड घडवण्यासारखी कारागिरीही करत. घरात पैसा नव्हता, पण अक्षरओळख आणि कवितेची गोडी होती. १८८९ मध्ये पटकीच्या साथीत आईवडील एकाच वर्षी गेले आणि पुढच्या वर्षी हा पोरका मुलगा शिक्षणासाठी बुखाऱ्याला आला. मीर-ए-अरब व इतर मदरशांत त्यांनी सुमारे दोन दशके काढली. श्रीमंत विद्यार्थ्यांचा स्वयंपाक करावा, कपडे धुवावेत आणि त्या बदल्यात पोट भरावे, असा तो काळ होता. मदरशांतल्या खोल्यांची तेव्हा घरांसारखी खरेदी-विक्री चाले. अरबी व्याकरणाच्या एकेका टीकाग्रंथावर वर्षेच्या वर्षे काथ्याकूट होई. गणित, भूगोल, इतिहास यांना मात्र थारा नव्हता.

खरे शिक्षण झाले ते शरीफजान मखदूम या विद्वान काझीच्या घरी. तिथे कवी आणि ग्रंथप्रेमी जमत. ऐनी सुरुवातीला त्या घरात पडेल ते काम करत आणि कानावर पडणारी चर्चा साठवून ठेवत. अहमद दानिश (१८२७–१८९७) यांच्या ग्रंथाची ओळख त्यांना याच वर्तुळात झाली. दानिश अमीराच्या दूतमंडळासोबत तीनदा सेंट पीटर्झबर्गला जाऊन आले होते आणि त्यांनी आपल्याच राज्यकारभाराचे वाभाडे काढले होते. तो ग्रंथ वाचल्यावर जुन्या जगाकडे पाहण्याची आपली नजर बदलली, असे ऐनींनी पुढे लिहिले आहे.

मध्य आशियात त्या वेळी जदीद चळवळ मूळ धरत होती. मुलांना नव्या पद्धतीने, लवकर वाचता येईल असे शिकवावे, ही तिची साधी वाटणारी मागणी होती. ऐनींनी १९०८ मध्ये मिर्झा अब्दुलवाहिद मुंझिम यांच्या साथीने बुखाऱ्यात ताजिक मुलांसाठी अशी शाळा काढली आणि ‘तहजीबुस्सिब्यान’ हे क्रमिक पुस्तक लिहिले. सनातनी मुल्लांच्या विरोधामुळे शाळा फार काळ टिकली नाही.

एप्रिल १९१७ मध्ये अमीर आलिम खान यांनी सुधारणांचा जाहीरनामा काढला. जदीदांनी आनंदाने मिरवणूक काढली आणि अमीर उलटले. धरपकड झाली. ऐनींना पंचाहत्तर फटके मारून अंधारकोठडीत टाकले. रशियन सैनिकांनी त्यांना सोडवून बुखाऱ्याजवळच्या कागानच्या रुग्णालयात नेले. तिथे घेतलेले त्यांच्या सोललेल्या पाठीचे छायाचित्र पुढे सोव्हिएत पुस्तकांतून वारंवार छापले गेले. ऐनी समरकंदला स्थायिक झाले. मागे बुखाऱ्यात राहिलेला धाकटा भाऊ सिराजुद्दीन १९१८ मध्ये अमीराच्या माणसांच्या हातून मारला गेला. बोल्शेविकांशी ऐनींची जवळीक विचारांतून आलीच, पण या घावाचा वाटा त्यात मोठा होता. त्यांच्या नंतरच्या लेखनात अमीराच्या राजवटीबद्दल दया का आढळत नाही, हेही इथे कळते.

१९२४ मध्ये सोव्हिएत सत्तेने मध्य आशियाची राष्ट्रीयत्वांनुसार वाटणी केली. ताजिक ही वेगळी जमात नाहीच, ते फार्सी बोलू लागलेले तुर्कच आहेत, असे तुर्कवादी गट सांगत होते. बुखारा आणि समरकंद ही ताजिकभाषक शहरे उझबेकिस्तानात गेली. ऐनींनी याला उत्तर दिले ते ‘नमुनए अदबियाते ताजिक’ या जाडजूड काव्यसंग्रहाने (मॉस्को, १९२६). दहाव्या शतकातील रुदकीपासून समकालीन कवींपर्यंतची ही परंपरा या भूमीत सलग हजार वर्षे चालत आली आहे, हा त्यामागचा दावा होता. राजकीय युक्तिवाद म्हणून एखाद्या काव्यसंग्रहाने इतके काम केल्याची उदाहरणे थोडी असतील. पण लवकरच त्याच्यावर बंदी आली. निमित्त झाली रुदकीची ‘बूए जूए मूलियान’ ही कविता. तिच्यात बुखाऱ्याला परत येणाऱ्या, रुदकीच्या काळच्या सामानी घराण्यातील अमीराचे स्वागत आहे. सत्ता जाऊन परागंदा झालेल्या अमीर आलिम खान यांना परत बोलावण्याचा हा डाव आहे, असा आरोप टीकाकारांनी केला. ज्याच्या पाठीवर अमीराच्या फटक्यांचे वळ होते, त्याच्यावर!

रुदकीशी त्यांचे नाते इथे संपत नाही. जुन्या ग्रंथांतील उल्लेख पडताळून कवीचे गाव व कबर जरफशान खोऱ्यातील पंजरूद इथे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ऐनींच्या निधनानंतर, १९५६ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ गेरासिमोव यांनी ती कबर उघडली आणि कवटीवरून रुदकीचा चेहरा घडवला.

‘आदिना’ (१९२४) ही ऐनींची सुरुवातीची लघुकादंबरी. कर्जापायी राबणाऱ्या डोंगराळ कराटेगिनमधल्या पोराची ही कथा समरकंदच्या ‘आवाझे ताजिक’ या वृत्तपत्रातून क्रमशः आली. त्यानंतर ‘दाखुंदा’ आणि ‘गुलामान’ या मोठ्या कादंबऱ्या आल्या. ‘गुलामान’मध्ये तुर्कमेन धाडींत पकडून बुखाऱ्याच्या बाजारात विकल्या गेलेल्या इराण्यांपासून त्यांच्या वंशजांच्या सामूहिक शेतीपर्यंत शंभरेक वर्षांचा पट आहे. पहिला भाग जिवंत आहे. शेवटाकडे मात्र पात्रे कमी बोलतात आणि पक्षाचे धोरण जास्त. ‘मर्गे सूदखूर’ (१९३९) मधला कारी इश्कंबा हा चिक्कू, खादाड सावकार त्या मानाने अस्सल उतरला आहे.

स्टालिनच्या १९३७-३८ च्या दमनसत्रात त्यांचे कितीतरी जदीद सहकारी संपले. अब्दुररऊफ फितरत यांना गोळ्या घातल्या गेल्या. ऐनी बचावले. त्या वर्षांनंतर त्यांचे बरेचसे लक्ष इब्न सीना, सादी, नवाई, वासिफी अशा जुन्या ग्रंथकारांकडे वळले.

‘याददाश्तहा’ (४ खंड, १९४९–५४) हे आठवणींचे पुस्तक ही त्यांची सर्वांत टिकाऊ कृती. पहिल्या भागांना १९५० चे स्टालिन पारितोषिक मिळाले. यात क्रांती येतच नाही. आहे ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे बुखारा. वाळूने गिळलेली गावे, कालव्याच्या पाण्यावरून होणारी भांडणे, मदरशांतले विद्यार्थी, बाजारातले पहिलवान, चोर, सुलेखनकार. माणसाची लकब दोन वाक्यांत पकडण्याची हातोटी इथे पूर्ण खुलते. त्या काळच्या बुखाऱ्याचे समाजजीवन अभ्यासणारे इतिहासकार आजही या खंडांचा आधार घेतात.

भारताशी त्यांचा संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट बेदिलची. पाटण्याकडे वाढलेल्या आणि दिल्लीत वारलेल्या या फार्सी कवीचे (१६४४–१७२०) काव्य बुखारा-समरकंदच्या बैठकांत इतक्या आवडीने वाचले जाई की बेदिलवाचनाची मंडळेच तिथे असत. ऐनींनी बेदिलवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तो त्यांच्या अखेरच्या वर्षी प्रसिद्ध झाला. दुसरी वाट राहुल सांकृत्यायन यांची. त्यांनी ‘दाखुंदा’, ‘जो दास थे’, ‘अनाथ’, ‘अदीना’ आणि ‘सूदखोर की मौत’ अशी ऐनींची पुस्तके हिंदीत आणली. मराठी वाचकाला ऐनींपर्यंत पोहोचायला आजही हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे.

ऐनींनी आयुष्याचा मोठा भाग समरकंदमध्ये, म्हणजे ताजिकिस्तानच्या सीमेबाहेर काढला. १९५१ मध्ये अकादमीचे अध्यक्षपद आले आणि १९५४ मध्ये दुशान्बे (तेव्हाचे स्टालिनाबाद) इथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे. समरकंदच्या घराचे संग्रहालय झाले आहे. ताजिकिस्तानने १९९७ मध्ये त्यांना ‘ताजिकिस्तानचा वीर’ हा किताब मरणोत्तर दिला. ५ सोमोनीच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे आणि दुशान्बेच्या ऑपेरागृहालाही त्यांचेच नाव आहे.