जलरोध (पोहणाऱ्या प्राण्यांवरील)

पाण्यातून पुढे सरकणाऱ्या शरीराला पाणी मागे रेटते, तो जलरोध. समुद्राचे पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते. वेग दुप्पट झाला की रोध साधारण चौपट वाढतो आणि लागणारी शक्ती आठपट.

हर्णैच्या लिलावात मांडलेली सुरमई निरखून पाहावी : टोकदार तोंड, भरलेले अंग, शेपटीशी एकदम बारीक. अशा अंगामागे भोवरे कमी उठतात, त्यामुळे पुढच्या-मागच्या दाबातला फरकही कमी पडतो. कातडीशी होणारे घर्षण मात्र चुकत नाही. पृष्ठभागालगत पोहताना लाटा उठवण्याचा खर्च वेगळा. शरीराच्या जाडीच्या तिप्पट खोलीवर तो जवळपास उरत नाही.

मोजायची सोपी पद्धत म्हणजे मेलेला प्राणी किंवा त्याचा साचा टाकीत ओढून दोरीवरचा ताण पाहणे. पण जिवंत मासा अंग वळवत पोहतो. ज्या हालचालीने तो पुढे जातो तीच रोधही वाढवते, त्यामुळे दोन्ही वेगळे काढणे अवघड. म्हणून प्राणी शेपूट न हलवता नुसता सरकत असताना त्याचा वेग किती झपाट्याने घटतो, हे चित्रफितीवरून मोजतात. प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी १९३६ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा डॉल्फिनच्या स्नायूंची ताकद वेगाने पोहायला लागणाऱ्या ताकदीच्या सातव्या हिश्श्याइतकीच भरली. हे कोडे बरीच वर्षे गाजले. खरे तर स्नायूंची ताकदच कमी धरली गेली होती. संशोधक फ्रँक फिश आणि सहकाऱ्यांनी पाण्यात बारीक बुडबुडे सोडून शेपटीमागचा प्रवाह मोजला आणि डॉल्फिनकडे पुरेशी ताकद असल्याचे २०१४ मध्ये दाखवले.

कोकणात हा विषय कासवांमुळे कामाचा ठरतो. २०२२ च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले व गुहागर येथे अंडी घालायला आलेल्या पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने सॅटेलाइट टॅग (उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारी यंत्रे) बसवले. कवचावरचा असा उंचवटा स्वतःच रोध वाढवतो; तो फार वाढला तर यंत्राने कळवलेला प्रवास त्या कासवाचा नेहमीचा प्रवास म्हणता येणार नाही. कासवांचे साचे वायुबोगद्यात (हवेचा झोत सोडून रोध मोजण्याच्या बंदिस्त नळीत) ठेवून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मोठ्या, पूर्ण वाढलेल्या कासवांवर बहुतेक टॅगमुळे रोध ५ टक्क्यांहून कमी वाढतो. लहान कासवांवर तीच वाढ १०० टक्क्यांपलीकडे जाऊ शकते. त्यामुळे टॅग निवडताना वजनाइतकीच त्याची उंची आणि पुढच्या बाजूचा उतारही पाहावा लागतो.